गाडीच्या रंगावरचे चिवट डाग कसे काढावेत

नव्या गाडीवरचा पहिला डाग पुष्कळदा पूजेच्याच दिवशी पडतो. बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढले जाते, हार घसरू नये म्हणून चिकटपट्टी लावली जाते, आणि शुभचिन्ह लगेच पुसू नये या भावनेने दोन-चार दिवस त्याला कोणी हात लावत नाही. नंतर गाडी धुतली की पांढऱ्या रंगावर गुलाबी-पिवळी छटा उरलेली दिसते, चिकटपट्टीच्या जागी गोंदाची चौकट दिसते, आणि घरातले कोणीतरी भांडी घासायची हिरवी घासणी घेऊन येते. ती घासणी गाडीला लागण्यापूर्वी हा लेख वाचला जावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्या पहिल्या गाडीवर मी हीच चूक केली होती. बॉनेटवर पक्ष्याची विष्ठा दोन दिवस वाळली होती, ओल्या फडक्याने निघेना, म्हणून घासणीने चार-पाच हात मारले. विष्ठा निघाली, पण त्या जागी तळहाताएवढा धुरकट पट्टा उमटला. सावलीत तो दिसत नसे. सकाळचे ऊन तिरके पडले की मात्र त्यातली बारीक गोल चरे स्पष्ट दिसत. ती गाडी विकेपर्यंत तो पट्टा तसाच होता. डाग माझ्या हाताने निघाला आणि त्याच हाताने कायमचा पडला, हे मला फार लागले, आणि तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घेतला.

त्यातून जे कळले ते थोडक्यात असे: रंगावरचा डाग विरघळवून किंवा मऊ करून उचलावा, घासणे हा शेवटचा उपाय आहे. कोणता डाग कशात विरघळेल हे तो कशाचा आहे यावर ठरते, म्हणून काही लावण्याआधी डाग ओळखावा.

रंग म्हणजे नेमके काय

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. पत्र्याला गंजापासून वाचवणारा पहिला थर विजेच्या साहाय्याने बसवलेला असतो, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर, ज्याला हल्ली सगळेजण क्लिअर कोट म्हणतात. या सर्वांची मिळून जाडी बहुतेक गाड्यांवर १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असते आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चकाकी केसाहूनही पातळ असलेल्या एका पारदर्शक थरावर अवलंबून आहे. कंपाउंड, पॉलिश किंवा घासणी यांपैकी जे काही आपण फिरवतो ते हा थर थोडा थोडा खाते, आणि एकदा गेलेला थर परत येत नाही.

डागांचे तीन प्रकार यावरून सहज समजतात. काही डाग क्लिअर कोटवर नुसते बसलेले असतात, जसे डांबर, चीक, गोंद, सिमेंट. काही क्लिअर कोटमध्ये शिरलेले असतात, म्हणजे तिथे पृष्ठभागच खाल्ला गेलेला असतो. जुनी विष्ठा आणि जुने पाण्याचे डाग या वर्गातले. तिसरा प्रकार म्हणजे क्लिअर कोट फाटून खालचा रंग किंवा प्रायमर उघडा पडणे. पहिल्या प्रकाराला द्रावक, म्हणजे डाग विरघळवणारा द्रव, पुरतो, दुसऱ्याला पॉलिश लागते, तिसरा घरी बरा होत नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. गाडी धुऊन कोरडी केल्यावर डागावरून बोटाचे नख अगदी हलके, दाब न देता, आडवे न्यावे. उंचवटा लागला तर वस्तू वर बसलेली आहे. काहीच लागले नाही, पण डोळ्यांना कडा दिसते, तर पृष्ठभाग किंचित खाल्ला गेला आहे. नख खाली अडकले तर चर खोल आहे आणि तिथे पॉलिशने फारसे साधणार नाही.

तयारी

दोन बादल्या, गाडीचा शाम्पू, पाच-सहा मायक्रोफायबरचे फडके, एक स्प्रे बाटली, रबरी हातमोजे आणि पेंटरची कागदी मास्किंग टेप एवढे साहित्य आधी जमवावे. फडके ३०० ते ४०० जीएसएमचे (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचे), दाट लव असलेले घ्यावेत आणि त्यांच्या कडेची शिवण किंवा लेबल टोचत असेल तर ते कापून टाकावे. जुनी बनियन, टेरिकॉटचे तुकडे आणि डस्टर गाडीच्या रंगासाठी वापरू नयेत. कपड्यांच्या यंत्रात मायक्रोफायबर धुताना सॉफ्टनर घालू नये. त्याने धागे बुजतात आणि फडका पाणी ओढेनासा होतो.

द्रावकांपैकी आयसोप्रोपिल अल्कोहोल, किराणा दुकानात मिळणारे पांढरे व्हिनेगर आणि रंगाच्या दुकानातले टर्पेंटाइन, किंवा मिळाल्यास रॉकेल, एवढ्यावर घरगुती डागांपैकी बहुतेक निघतात. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणीही एक-दोन लिटर आणून ठेवावे. त्याचा उपयोग पुढे येईल. अल्कोहोल, टर्पेंटाइन आणि रॉकेल पेट घेतात, म्हणून काम मोकळ्या हवेत करावे आणि जवळ उदबत्ती, सिगारेट किंवा गरम इंजिन नसावे.

काही वस्तू कोणी कितीही सुचवल्या तरी वापरू नयेत. पेट्रोल भडकते आणि मागे तेलकट थर सोडते. रंगाऱ्याकडचा, रंग पातळ करायचा एनसी थिनर कारखान्यातल्या भट्टीत भाजलेल्या रंगावर एखादे वेळी निभावतो, पण गाडीचा एखादा भाग पूर्वी साध्या गॅरेजमध्ये रंगवलेला असेल तर तो रंगच मऊ करून उचलतो, आणि जुनी गाडी घेतलेल्या माणसाला असा भाग कोणता हे पुष्कळदा माहीत नसते. संडास साफ करण्याच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते; ते पाण्याचे डाग काढते आणि पत्र्याच्या कडा, क्रोम व नटबोल्टही खाते. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, पण ती किती भरड आहे हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून तीही दूर ठेवावी.

आधी धुणे

डाग कोणताही असो, गाडी धुतल्याशिवाय त्याला हात लावू नये. आपल्याकडच्या धुळीत बारीक खडीचे कण असतात, कोकणातून आलेल्या गाडीवर लाल मातीचा थर असतो, आणि असा थर अंगावर असताना डागावर फडका फिरवणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच आहे. पहाटे कोरड्या किंवा जेमतेम ओल्या फडक्याने सोसायटीतल्या गाड्या पुसण्याची जी पद्धत सर्वत्र रुळली आहे, तिने रंगाचे जितके नुकसान होते तितके झाडे आणि पक्षी मिळूनही करत नसावेत. पुसणाऱ्या माणसाचा त्यात दोष नाही. एका बादलीत दहा गाड्या आटोपायची वेळ आपणच त्याच्यावर आणतो.

गाडी सावलीत उभी करावी. बॉनेटला हाताची पाठ लावून पाहावी. ती चटकन मागे घ्यावीशी वाटली तर पत्रा गरम आहे आणि तो निवेपर्यंत थांबावे, कारण गरम पत्र्यावर शाम्पू आणि द्रावक दोन्ही वाळतात व स्वतःचे डाग सोडतात. प्रथम नुसत्या पाण्याने माती वाहवून घालवावी. मग एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी घेऊन, फडका शाम्पूत बुडवून टपापासून खाली धूत यावे, आणि प्रत्येक भागानंतर फडका साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत घालावा. दारांचा खालचा भाग आणि बंपर सर्वांत शेवटी, वेगळ्या फडक्याने धुवावेत. शेवटी पाणी ओतून गाडी लगेच कोरडी करावी.

यानंतर एक छोटी परीक्षा करून पाहावी. भाजीच्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोटे बॉनेटवरून हलके फिरवावीत. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा पत्रा बोटांना खरखरीत लागतो, कारण पिशवीमुळे त्वचेचा चिकटपणा जातो आणि चिकटून बसलेला प्रत्येक कण जाणवतो. ही खरखर कुठे आहे ते लक्षात ठेवावे.

पक्ष्यांची विष्ठा

सर्वांत घाई याच डागाची करावी. पक्षी आपल्यासारखी वेगळी लघवी करत नाहीत. विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल असते. उन्हात गडद रंगाचा पत्रा चांगलाच तापतो, क्लिअर कोट किंचित मऊ होतो व फुगतो, त्याच वेळी विष्ठा वाळून घट्ट होते. संध्याकाळी पत्रा निवतो तेव्हा क्लिअर कोट आक्रसताना त्या घट्ट थराच्या आकाराला धरून बसतो. विष्ठा काढल्यावरही दिसणारी मंद, सुरकुतल्यासारखी खूण ही याच खेचाखेचीची असते. एप्रिल-मेमध्ये यासाठी एक दिवसही पुरतो.

वाळलेल्या विष्ठेत बिया आणि वाळूचे कण असतात, म्हणून ती कोरडी खरवडू नये. स्प्रे बाटलीत थोड्या शाम्पूचे पाणी घेऊन जागा भिजवावी, त्यावर तेच पाणी शोषलेला टिश्यू किंवा कापसाचा जाड बोळा ठेवावा आणि दहा मिनिटे मुळीच हात लावू नये. बोळा वाळत असेल तर वरून पुन्हा फवारा मारावा. दहा मिनिटांनी बोळा चिमटीत धरून वर उचलावा, पुसू नये. घट्ट झालेला थर बहुधा बोळ्यासोबतच उठून येतो. उरलेल्यासाठी नवा बोळा घेऊन हीच कृती पुन्हा करावी. मी एकदा वडाखाली आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टपावर ही कृती सहा वेळा केली. सातव्यांदा फडका फिरवला तेव्हा खाली खूण नव्हती. वटवाघळांची विष्ठा आणि जांभळाचा गर यांनाही हाच उपाय आहे.

जागा कोरडी झाल्यावर मंद वर्तुळ दिसले तर ते पृष्ठभागाचे आहे. त्यासाठी आणखी भिजवण्यात अर्थ नाही. ते पुढे पॉलिशकडे न्यावे.

पाण्याचे डाग

बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्याने गाडी धुऊन ती उन्हात वाळू दिली की गोल पांढरे ठिपके उमटतात. त्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जाते, क्षार राहतात. बागेतला पाण्याचा फवारा रोज एकाच दारावर पडत असेल तर त्या दारावर हा थर महिन्याभरात इतका जाड होतो की शाम्पू त्याला स्पर्शही करत नाही.

क्षार आम्लात विरघळतात, आणि घरातले एक सौम्य आम्ल व्हिनेगरच्या बाटलीत असते. व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी समसमान घेऊन त्यात फडका भिजवावा आणि एका वेळी फूटभर जागेवर अर्धा ते एक मिनिट नुसता टेकवून ठेवावा. मग हलके पुसावे, लगेच भरपूर पाण्याने धुवावे आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याचा एक फवारा मारून कोरडे करावे, नाहीतर धुतलेले बोअरचे पाणीच पुन्हा ठिपके सोडते. एकदा न निघाल्यास दुसऱ्यांदा करावे, पण व्हिनेगर रंगावर वाळू देऊ नये. पार्किंगमध्ये संगमरवर किंवा कोटा फरशी असेल तर खाली पोते अंथरावे. ते दगडही चुन्याचेच असल्याने व्हिनेगरने खराब होतात. लिंबू वापरणारे पुष्कळ आहेत, परंतु त्याचा रस चिकट असतो आणि त्यात गराचे तुकडे येतात, म्हणून व्हिनेगर सरस ठरते.

काचेवरचे ठिपके याच रीतीने जातात. सिमेंटचे शिंतोडेही मुळात चुन्याचेच असल्याने त्यांनाही व्हिनेगरच उपयोगी पडते, फक्त वेळ लागतो: व्हिनेगरचा बोळा पाच मिनिटे ठेवावा, धुवावे, पुन्हा ठेवावा, असे करत शिंतोडा भुसभुशीत होऊन बोटाने सुटेपर्यंत धीर धरावा. ब्लेड किंवा नखाने उचलला तर तो क्लिअर कोट घेऊनच सुटतो.

झाडाखालची गाडी

आमच्या सोसायटीत गाड्या लावायच्या जागेवर आंब्याचे झाड आहे, आणि त्यामुळे एक फरक मला शिकायला मिळाला. मोहोराच्या दिवसांत गाडीवर जे बारीक चिकट शिंतोडे पडतात त्याला सगळे चीक म्हणतात, पण तो चीक नसतो. मोहोरावर बसणारे तुडतुडे जो गोड स्राव सोडतात तो खाली पडतो. त्यावर पुढे काळी बुरशी येते आणि पांढरी गाडी काजळी धरल्यासारखी दिसू लागते. हा स्राव साखरेचा असल्यामुळे तो पाण्यात विरघळतो. कोमट पाण्यात शाम्पू घालून दहा मिनिटे भिजू दिले की तो निघतो आणि त्यासाठी कोणत्याही द्रावकाची गरज पडत नाही. ज्यांना हे ठाऊक नसते ते थिनर शोधू लागतात.

खरा चीक वेगळा दिसतो. फांदी मोडली किंवा कैरी उतरवली की तो थेंबाने पडतो, मधासारखा पिवळसर असतो आणि वाळला की काचेसारखा कडक होतो. तो राळेच्या जातीचा असल्याने पाण्याला दाद देत नाही; त्याला अल्कोहोल लागते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला फडका थेंबावर मिनिटभर टेकवावा. थेंबाची कड मऊ होऊन फडक्याला पिवळट डाग दिसू लागला की फडक्याची स्वच्छ घडी घेऊन एकाच दिशेने, बाहेरून मध्याकडे टिपावे. मोठा थेंब एका दमात जात नाही. त्याचा वरचा थर, मग पुढचा थर, असे करत जावे. हाताशी अल्कोहोल नसेल तर सॅनिटायझरनेही तात्पुरते काम होते. शेवटी ती जागा शाम्पूने धुवावी. चीक त्वचेलाही भाजतो, म्हणून हातमोजे घालावेत.

डांबर, गोंद आणि इतर

पावसाळ्याआधी रस्त्यांची कामे निघाली की चाकांच्या मागे आणि दारांच्या खालच्या पट्टीवर काळे ठिपके दिसतात. डांबर खनिज तेलातूनच येत असल्यामुळे ते टर्पेंटाइन किंवा रॉकेलमध्ये सहज विरघळते. फडका मिनिटभर टेकवावा. ठिपक्याभोवती तपकिरी ओघळ दिसू लागला की तो सुटला असे समजावे आणि टिपून घ्यावा. दरवेळी फडक्याची नवी बाजू घ्यावी, कारण डांबरात अडकलेली खडी त्याच फडक्याने रंगावर ओढली जाते. हे द्रावक दाराच्या रबरांवर आणि हेडलाइटच्या प्लास्टिकवर जाऊ देऊ नये, आणि नंतर तेलकट थर राहू नये म्हणून जागा शाम्पूने धुवावी.

चिकटपट्टीचा किंवा स्टिकरचा गोंद हेअर ड्रायरने कोमट करून बोटाने गुंडाळत काढावा. उरलेल्याला थोडे खोबरेल तेल चोळून पाच मिनिटांनी पुसावे. कुंकवाचा रंग अल्कोहोल लावलेल्या पांढऱ्या फडक्यावर उतरत जातो. घाई न करता तीन-चार फडके वापरावेत. हळदीच्या डागाला शाम्पू लागताच तो कधी लालसर होतो, तेव्हा घाबरू नये. साबण अल्कधर्मी असला की कपड्यावरची हळद लाल होते, तोच हा प्रकार आहे. धुऊन झाल्यावर जी पिवळी छटा राहते ती उन्हानेच फिकट होत जाते, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. होळीचा कोरडा रंग आधी फुंकून किंवा पाण्याच्या धारेने उडवावा आणि मगच हात लावावा.

पावसाळ्याच्या संध्याकाळी द्रुतगती मार्गावरून आलेल्या गाडीच्या तोंडावर किडे चिकटलेले असतात. त्यांनाही ओला फडका दहा मिनिटे पुरतो, मात्र त्याच दिवशी. ब्रेक ऑइल सांडले तर क्षणाचाही विलंब न लावता पाणी ओतावे. ते रंग अक्षरशः सोलून काढते, पण पाण्यात मिसळत असल्यामुळे वेळीच धुतल्यास वाहून जाते.

पांढऱ्या गाडीवर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके दिसले की पुष्कळांना वाटते गाडीचा पत्रा गंजला. तो बहुधा पत्र्याचा गंज नसतो. रेल्वेमार्गाजवळच्या, कारखान्याशेजारच्या हवेतले आणि ब्रेकच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण क्लिअर कोटवर रुततात आणि तिथे स्वतः गंजतात. यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा मिळतो. तो मारल्यावर दोन-तीन मिनिटांत प्रत्येक ठिपक्यापासून जांभळे ओघळ येऊ लागतात. द्रव लोखंडाशी संयोग पावल्याची ती खूण आहे. वास उग्र असतो, म्हणून तोंडाला फडके बांधावे, द्रव वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुवावे आणि तापलेल्या चाकांवर तो मारू नये.

पार्किंगच्या पिवळ्या-काळ्या खांबाला बंपर घासला की त्यावर खांबाचा रंग उतरतो. पाहताना मोठे नुकसान वाटते, पण त्यातला बराच भाग आपल्या रंगावर बसलेला परका रंग असतो. आधी अल्कोहोल, मग टर्पेंटाइन, मग पॉलिश, या क्रमाने गेल्यास तो निघतो आणि खालची खरी चर किती आहे ते तेव्हाच कळते.

क्ले बार

द्रावकांनंतरही पिशवीतल्या बोटांना खरखर लागत असेल तर क्ले बार घ्यावा. लहान मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखा दिसणारा हा गोळा असतो. तो पृष्ठभागावरून सरकताना रुतलेले कण स्वतःत ओढून घेतो. त्याचा अर्धा तुकडा हातात मळून चपटा करावा, फूटभर जागेवर शाम्पूच्या पाण्याचा सढळ फवारा मारावा आणि तुकडा सरळ रेषेत, मागे-पुढे, स्वतःच्या वजनाइतक्याच दाबाने सरकवावा. सुरुवातीला तो अडखळतो आणि किंचित आवाज येतो. थोड्या वेळाने आवाज थांबतो व तुकडा काचेवरून गेल्यासारखा सरकू लागतो. तो क्षण आला की पुढच्या जागेकडे जावे. प्रत्येक भागानंतर तुकडा उलटून पाहावा, काळा झालेला भाग घडी घालून आत घ्यावा.

दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. कोरड्या पत्र्यावर क्ले फिरवला तर तो चरे पाडतो. आणि हातातून तुकडा जमिनीवर पडला तर तो तत्काळ टाकून द्यावा. धुतला तरी त्यातली वाळू निघत नाही. महागाचा म्हणून तो जपून ठेवण्याचा मोह होतो, पण रंगकामाच्या खर्चापुढे त्या तुकड्याची किंमत नगण्य आहे.

पॉलिश, आणि तेही जपून

विष्ठेचे वर्तुळ, पाण्याची खोल खूण किंवा घासणीचे चरे यांसाठी मात्र पृष्ठभाग थोडा खरवडून समतल करावाच लागतो. बाजारात रबिंग कंपाउंड आणि फिनिशिंग पॉलिश असे दोन प्रकार मिळतात; कंपाउंड भरड असते आणि नवशिक्याने नेहमी पॉलिशपासून सुरुवात करावी. भरडाने काम लवकर होते ही गोष्ट खरी असली तरी कमी घासलेले पुन्हा घासता येते, जास्त घासलेले भरून निघत नाही.

जवळच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि पत्र्याच्या घड्या-कडा मास्किंग टेपने झाकाव्यात. प्लास्टिकवर पॉलिश लागले तर पांढरे डाग राहतात आणि कडांवर रंग सर्वांत पातळ असतो. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन थेंब घेऊन आधी एखाद्या नजरेआड जागी, दाराच्या खालच्या कोपऱ्यात, करून पाहावे. मग डागाच्या जागी मध्यम दाबाने आधी आडवे, नंतर उभे, असे मिळून मिनिटभर फिरवावे. पुसून मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहावे. खूण निम्मी झाली असेल तर आणखी एकदा करावे. तीनदा करूनही उरलेली बारीक रेषा फक्त टॉर्चमध्येच दिसत असेल तर ती तशीच राहू द्यावी. मी तिच्यामागे लागून क्लिअर कोट पातळ करणार नाही, तुम्हीही करू नये.

पॅडवर गाडीचा मूळ रंग उतरू लागला तर त्याच क्षणी थांबावे. एक तर त्या भागावर क्लिअर कोटच नाही, किंवा तो संपला आहे. गोल फिरणारे यंत्र नवशिक्याने वापरू नये. ते एका जागी काही सेकंद जास्त थांबले तरी उष्णतेने रंग जाळते. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश मुळीच लावू नये, कारण घासलेला भाग चकाकू लागतो आणि तो डागासारखाच उठून दिसतो. नुकत्याच रंगवलेल्या भागावर क्ले, पॉलिश किंवा वॅक्स कधी लावायचे हे रंगवणाऱ्याला विचारावे. निदान महिनाभर तरी थांबणे बरे.

जिथे नख अडकते, प्रायमरचा राखाडी किंवा पत्र्याचा रंग दिसतो, रंगाला फोड आले आहेत किंवा क्लिअर कोटचे पापुद्रे सुटत आहेत, तिथे घरी काही करू नये. कोकणपट्टीत आणि मुंबईत खाऱ्या हवेमुळे उघड्या पत्र्याला गंज लवकर धरतो, म्हणून अशी जागा वर्कशॉपमध्ये नेईपर्यंत कंपनीचा टचअप रंग लावून तरी झाकावी.

शेवटी वॅक्स

द्रावक, क्ले आणि पॉलिश या तिन्हींनी रंगावरचा जुना संरक्षक थर निघून गेलेला असतो. त्या उघड्या जागेवर पुढचा डाग आणखी लवकर धरतो, म्हणून काम वॅक्सनेच संपवावे. अल्कोहोलने जागा पुसून तेलकटपणा घालवावा, वॅक्स अगदी पातळ लावावे, बोट फिरवून ते धूसर पण कोरडे लागले की स्वच्छ फडक्याने पुसून काढावे. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, फक्त पुसताना त्रास होतो. आपल्या उन्हात कार्नोबा वॅक्स, म्हणजे ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांपासून मिळणारे मेण, साधारण दोन महिने साथ देते. सिंथेटिक सीलंट त्याहून अधिक टिकते. बॉनेटवर पाणी टाकले असता त्याचे गोल थेंब न होता ते सपाट पसरू लागले की पुन्हा लावायची वेळ आली असे समजावे.

डिकीत एका डब्यात शाम्पूच्या पाण्याची स्प्रे बाटली, थोडे टिश्यू आणि दोन स्वच्छ मायक्रोफायबर कायम ठेवावेत, म्हणजे वाटेत थांबलेल्या झाडाखाली विष्ठा पडली तरी ती घरी पोचेपर्यंत उन्हात वाळत राहणार नाही. वापरलेला फडका त्याच डब्यात परत घालू नये. त्यासाठी वेगळी पिशवी असावी.